बिबड्यांच्या धोतराखाली

ही गोष्ट माझ्या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. पोराला सांगितली नाही, सुनेला नाही, ज्यांच्यासोबत जन्मभर पत्ते पिसले त्या दोस्तांना नाही. बायकोला सांगायची होती — ती मागच्या पौषात गेली. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, हे एका अर्थी बरंच आहे. समोर ओट्यावर बसला आहात असं धरून चालतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पुढं पाचोऱ्याच्या एका जिनिंगात कापसाच्या धुळीत उमर गेली. कागदावर लिहायची सवय नाही. वाक्य वाकडं गेलं तर जाऊ द्या.

गोष्ट एका खेळाची आहे. पोरं मोबाइलवर बोटं घासत बसतात ना, तसल्या खेळाची. म्हाताऱ्यानं त्याच्यावर काय लिहावं? मलाही तेच वाटायचं. खेळ म्हणजे रिकामटेकडेपणा, डोळ्यांची वाट, डोक्याचा भुगा — असं मी चारचौघांत छाती पुढं काढून सांगायचो. आणि ते कुठं सांगायचो? पत्त्यांच्या डावावर बसून.

पण आधी इंदूचं सांगतो. तिचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं बोलायचं तर, तिचं सांगायला मला बरं वाटतं.

इंदू म्हणजे माझी बायको. माहेर साक्रीकडचं, धुळ्याच्या पलीकडं. मांडे करावेत तर तिनं, असं आमच्या भडगावच्या बाजूला सगळे म्हणायचे. लग्नाच्या घरून तिला खास बोलावणं यायचं. बैलगाड्या होत्या तेव्हा बैलगाडीनं जायची, पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून, पदर दातात धरून. तुम्ही खापरावरचा मांडा होताना पाहिला नसेल तर सांगतो. पुरण भरलेला गोळा थोडासा लाटायचा, मग तो दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवायचा — मनगटावरून पार कोपरापर्यंत — आणि सुपाएवढा झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर टाकायचा. घाई केली तर जाड राहतो. उशीर केला तर हातातच फाटतो.

तिच्या हातचे मांडे मी उभा संसार खाल्ले. आमरसाबरोबर खाल्ले, दुधाबरोबर खाल्ले, शिळेसुद्धा खाल्ले. पण बाई, हे तू करतेस कसं, असं एकदाही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

विचारलं ते वैशूनं. वैशू माझी नात, धुळ्याच्या माझ्या पोराची मुलगी. शाळा बंद पडल्या होत्या त्या काळात तिच्या बापानं तिला जुना टॅब घेऊन दिला होता, पाटीएवढा. अभ्यास त्याच्यावरच. त्यांच्या एका मॅडमनं पोरांना त्याच्यावर खेळ तयार करायला शिकवलं — खेळायला नाही, तयार करायला. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की पडद्यावरचं बाहुलं तसं चालतं. शाळा सुरू झाल्या तरी तिचा नाद गेला नाही. आठवीची परीक्षा देऊन ती सुट्टीत आमच्याकडं राहायला आली, ती टॅब छातीशी धरूनच. म्हणाली, "आजी, मला तुझ्या मांड्याचा खेळ करायचाय."

इंदूला वाटलं पोरगी भातुकली म्हणते आहे.

त्या दुपारी अजून डोळ्यासमोर आहेत. बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडत नाही. मधल्या खोलीत कूलर घरघरतोय, वाळ्याचा ओला वास, आणि त्या दोघी खाली फरशीवर. मी खाटेवर झोपेचं सोंग घेऊन पडलेला. सोंगच. ऐकत असायचो.

"आजी, हातावर किती वेळ फिरवायचा?"

"काय माहीत व, व्हई जास."

"असं नाही ना चालत. मशीनला काहीच कळत नसतं, सगळं सांगावं लागतं. पातळ झाला हे तुला कशावरून कळतं?"

 इंदू उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भर दुपारी कणीक भिजवली. गोळा हातावर घेतला, फिरवायला लागली. पोरगी समोर टक लावून. आणि फिरवता फिरवता इंदू मध्येच थांबली, आपल्याच हाताकडं बघत राहिली — जसं काही ते हात कुण्या दुसऱ्या बाईचे आहेत.

"गोंदन दिसस," ती म्हणाली.

तिच्या डाव्या मनगटावर लहानपणी गोंदलेली तुळस होती. पातळ झालेल्या कणकेतून ती हिरवी तुळस पुसट दिसायला लागली, की मांडा खापरावर टाकायचा. हे ती आईच्या मागं बसून शिकली तेव्हापासून करत होती. आणि तिला स्वतःला ते कळलं त्या दिवशी, नातीनं विचारलं म्हणून. लहान पोरीसारखी हसली. मी खाटेवर डोळे मिटून पडलेला, आणि मला वाटलं — माझ्यासमोर ही अशी कधी हसली होती?

हे वाटणं लक्षात ठेवा. पुढं कामाचं आहे.

खेळ हळूहळू उभा राहिला. पडद्यावर एक म्हातारी, हात काटक्यांसारखे, नाकाच्या जागी वाटाणा. इंदूनं पाहिलं आणि बोंबलली, "माले इतली कायी कसाले करी व?" पोरीनं रंग उजळ केला. मग लुगडं हिरवं पाहिजे झालं. मग नथ. मग म्हणे, चुलीत लाकडं कुठं आहेत, बिनलाकडाची चूल पेटते का कधी? पोरगी प्रत्येक वेळी ठोकळे मोडायची, नवे जोडायची. कंटाळायची नाही.

आणि मांडा फाटला की आवाज पाहिजे होता. तो इंदूचाच भरला. टॅब तोंडासमोर धरला तर ही लाजून पदरात तोंड घालते. शेवटी खरोखर मांडा करताना, खरोखर फाटला तेव्हा, पोरीनं तो धरला — "फाटना तं फाटना व माय! गोया कर, परत कर!" गोळा कर आणि पुन्हा कर, एवढंच. पण कसं म्हणायची ती! राग नाही, हळहळ नाही. फाटणं हे जसं काही मांड्याच्या स्वभावातच आहे.

शेजारची पोरं गोळा व्हायची. खेळायची, फाडायची, आणि दर वेळी इंदूचा आवाज — गोया कर, परत कर. वैशू बाजूला मुकी बसून बघायची. मी एकदा म्हणालो, "अगं, त्यांना सांग की कसं करायचं ते." तर म्हणाली, "नाही नाना, सांगायचं नसतं. ते कुठं अडतात ते बघायचं. सगळेच एका जागी अडत असतील तर चूक माझ्या खेळात आहे, त्यांच्यात नाही." तेरा-चौदा वर्षांची पोर! आमच्या जिनिंगात रेचा, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, बंद पडला की आधी ओरड व्हायची, कुणी केलं? ही विचारायची, कुठं झालं? आणि सापडलं की खूश व्हायची. स्वतःची चूक सापडल्यावर खूश होणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

मी पारावर सांगायचो त्यातलं काहीच त्या पोरीला झालं नाही. ती हरायला शिकली, तेही रडल्याशिवाय. म्हाताऱ्या माणसाला नीट प्रश्न विचारायला शिकली. हातातली गोष्ट शब्दात आणायला शिकली. हे मला आज दिसतं. तेव्हाही दिसत होतं, खोटं कशाला बोलू? दिसत होतं म्हणूनच तर टोचत होतं.

इंदूला अक्षरओळख नव्हती. पण खेळात फाटल्यावर एक बटण यायचं, त्याच्यावर लिहिलेलं — परत. ते तिनं ओळखीचं केलं. मग जिथं तिथं परत शोधायची. एकदा पाचोऱ्याच्या स्टँडवर मला कोपरानं ढोसलं, "अवं, तथा पहा. परत." पाटीवर परतीच्या गाड्यांचं लिहिलेलं. तिनं त्यातलं अर्धं वाचलं होतं. त्या वयात वाचलेला पहिला शब्द. मी काय म्हणालो असेन? "बरं, चल आता, गाडी जाईल." दुसरं काय म्हणणार मी.

आता आखाजी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके, गाणी, रसाची ताटं. आणि गड्यांना त्या दिवशी पत्त्यांची मोकळीक. एरवी लपून खेळणारेही आखाजीला उघड्यावर डाव मांडतात, कुणी नाव ठेवत नाही. मीही बसायचो, आमच्या ओट्यावरच, लिंबाखाली. त्या वर्षी डाव माझ्या उलटा पडत होता. सकाळपासून एक पान मनासारखं आलं नव्हतं. मग मी मोठेपणानं म्हणालो, चला, आज जेवण माझ्याकडं, इंदूच्या हातचे मांडे.

दोस्तांना घेऊन आत आलो, तर चूल धुमसतेय, खापर पालथं घातलेलं, पुरण परातीत तसंच. आणि इंदू टॅबसमोर. वैशूनं त्या दिवशी खेळात काही नवीन घातलं होतं, ते तिला दाखवायचं होतं. दोघींची डोकी एकमेकींना लागलेली, हसत होत्या. आम्ही दारात उभे.

आमच्यात झिपरूभाऊ म्हणून एक. जीभ कात्रीसारखी. तो म्हणाला, "नाना, वहिनी तं मोबाइलमा मांडा भाजी ऱ्हायनी! आमना ताटमा काय आज चार्जर वाढशी का रे?"

सगळे खदखदून हसले. इंदूही हसली. पदर खोचून उठली, म्हणाली, "भाऊसाहेब, बसा तं खरं, आत्ते वाढस." आणि लगेच मांडे केले. गरम गरम केले, उत्तम केले. झिपरूभाऊनं आग्रह करकरून खाल्ले. म्हणजे बघा — काही बिघडलं नव्हतं. कुणाचा अपमान झाला नव्हता. झाला होता तो माझा, तोही फक्त माझ्या डोक्यात.

जेवणं झाली. दोस्त ओट्यावर लवंडले. वैशू शेजारच्या पोरींबरोबर झोक्यावर गेली. इंदू खापरासमोर बसून धुळ्याला सुनेकडं पाठवायला, शेजारणींना द्यायला मांडे करत होती. टॅब मधल्या खोलीत खाटेवर होता, उशाशी, घडी केलेल्या जुन्या धोतराजवळ.

ते धोतर बिबड्यांचं. ज्वारीच्या चिकाच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, इंदूनं त्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या पत्र्यावर वाळत घातल्या होत्या. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून त्यांच्यावर दुसरं धोतर पसरायचं राहिलं होतं, ते हे. तिनं मला आतूनच हाक दिली, "अवं, तेवढं धोतर टाकी या वर." मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. उत्तर न देता उठलो.

धोतर उचललं. त्याच्याबरोबर टॅबही उचलला.

इथं थोडं थांबतो. कारण ह्याच्या पुढं मी स्वतःशी इतकी वर्षं जे बोलत आलो, ते असं — मला तो फक्त लपवायचा होता. संध्याकाळपर्यंत. पोरगी शोधेल, रडेल, म्हातारीला जरा समजेल घर कुठं चाललंय, मग काढून देऊ. एवढंच. हे मी इतक्या वेळा म्हटलंय की खरं वाटायला लागलं होतं.

पण तुम्हीच सांगा. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन. न्हाणीघराचा पत्रा — ज्याच्यावर बिबड्या अर्ध्या दिवसात खुळखुळ वाजायला लागतात, ज्याला चुकून हात लागला तर फोड येतो. मी शिडीवरून चढताना माझ्याच हाताला चटका बसला होता. तो टॅब मी धोतराच्या कडेखाली, थेट पत्र्यावर ठेवला. सावलीत ठेवता आला असता. कोठीत ठेवता आला असता. लपवायचाच होता तर घरात जागा कमी होत्या?

मला तो मरायला पाहिजे होता. हे खरं. हे आज पहिल्यांदा लिहिलं.

खाली आलो आणि डाव मांडला. त्या डावात मी जिंकलो, हेही लक्षात आहे.

ऊन उतरल्यावर इंदू बिबड्या काढायला वर गेली. तिची हाक ऐकली तेव्हा माझ्या हातात पानं होती. टॅबची पाठ फुगून फाटली होती, काच निळी-काळी पडलेली. वैशू धावत आली. तिनं तो हातात घेतला, गरम होता म्हणून ओढणीत धरला. रडली नाही. तिनं तिची ती सवयीची गोष्ट केली — शोधायला लागली. "आजी, मी तर खाटेवर ठेवला होता. खाटेवरून पत्र्यावर कसा गेला?" रागानं नाही, खरंच विचारत होती. खेळातली चूक शोधायची तशी. पायरी पायरीनं. खाटेवर धोतर होतं. धोतर पत्र्यावर गेलं. मग धोतरात गुंडाळून गेला असेल. मग धोतर कुणी नेलं?

सगळं बरोबर होतं तिचं. शेवटची एक पायरी माझ्याकडं होती. मी ओट्यावरच उभा होतो, तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर.

आणि इंदू म्हणाली, "मन्हाच हातनं व्हयनं व माय. मीच धोतर लई गऊ व्हसू."

तिला नेल्याचं आठवत नव्हतं — आठवणार कसं, तिनं नेलंच नव्हतं. पण बिबड्या तिच्या, धोतर तिचं, पत्रा तिचा. घरातलं धोतर वर न्यायला गडीमाणूस उठेल हे कुणाच्या डोक्यात येणार? माझं आयुष्य गेलं त्या घरात, एक कपडा दोरीवर टाकला नव्हता मी. तिनं हाक मारली होती हे तिला आठवलं, पण मी ओ दिली नव्हती. म्हणजे मग मीच नेलं असेल, असं तिनं धरलं. माझा आळशीपणाच माझा साक्षीदार झाला.

मी तोंड उघडलं नाही.

पोरानं टॅब धुळ्याच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, आतून शिजला आहे, ह्यातलं काही निघणार नाही. खेळ गेला. त्याच्यातला आवाज गेला. आम्हा गरिबांच्या घरी बाईचा आवाज कोण भरून ठेवतं? लग्नाच्या फोटोतसुद्धा ती अर्धी कापलेली. तो एकच ठिकाणी होता.

वैशूनं आजीच्या गळ्यात हात घातले, म्हणाली, "जाऊ दे ना आजी. फाटला तर फाटला. गोळा करू, परत करू." तिचंच बोलणं तिला परत दिलं. पण नवा टॅब काही लवकर आला नाही, पोरीची दहावी आली, आणि इंदू —

हे लिहायला जड जातं. लिहितो.

इंदू स्वतःला घाबरायला लागली. आधी चेष्टेत म्हणायची, माले आते याद नही ऱ्हास. मग चेष्टा गेली. गॅस बंद केला का म्हणून अंथरुणातून उठून बघून यायची. कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन मागं फिरायची. पदराला गाठी मारायची, आणि गाठ कशाची हे आठवलं तरी विश्वास ठेवायची नाही. सून इंदूला आत्या म्हणायची; माझ्याशी फोनवर बोलली की हळूच म्हणे, आत्यांचं आता जरा... आणि पुढं बोलायची नाही. लग्नाचं बोलावणं आलं तर इंदूच नाही म्हणायला लागली. "दुसराना घर शे. मन्हा हातनं काही भलतंच व्हई गयं तं?" जिच्या हातावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे तिचा स्वतःच्या हातावरचा उठला. खापर कोठीत गेलं. त्याच्यावर कोळ्यानं घर केलं.

आणि तिला काहीही झालेलं नव्हतं! डोकं लखलखीत होतं तिचं. माझ्या बहिणीच्या लग्नात कुणाला कुठलं लुगडं नेसवलं ते तिला पाठ होतं. मला माहीत होतं की ती विसरत नाही. साऱ्या जगात ते एकट्या मला माहीत होतं.

एक दिवस — ती खाटेला लागली होती, छातीत कफ, हिवाळ्याचं कोवळं ऊन दारातून तिच्या पायांवर आलेलं — तिनं मला विचारलं. थेट विचारलं. "अवं, त्या पोरनं टॅब मीच ठेयं व्हतं ना?"

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तिचा हात माझ्या हातात होता, वाळून काटकी झालेला, खेळातल्या म्हातारीसारखा. मनगटावर तुळस. तेवढीच हिरवी राहिली होती. सांगायला ह्याहून चांगली वेळ कोणती पाहिजे होती माणसाला?

मी म्हणालो, "हां. आते ते जाऊ दे."

तिनं मान हलवली. बस. तिला कळलं होतं का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारून पाहिलंय. नाही. कळलं असतं तर तिनं मला सोडलं नसतं. बोलायला कच्ची नव्हती ती. तिनं माझं खरं मानलं आणि थोड्या दिवसांनी गेली.

वाटलं होतं, गोष्ट तिच्याबरोबर गेली. मग ह्या वर्षीची आखाजी आली.

वैशू आता जळगावला डिप्लोमा करते, कॉम्प्युटरचा. आखाजीला मुद्दाम आली — आजी नाही, नाना एकटे, म्हणून. येताना तिनं माझ्यासाठी काहीतरी आणलं होतं. तिनं तो खेळ परत केला होता. सगळा, आठवणीवरून. चूल, लाकडं, हिरवं लुगडं, नथ. कणीक पातळ होत जाते आणि तिच्यातून तुळस दिसायला लागते — हिरवी, पुसट. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मी ते पुसलं नाही. पोरीला वाटलं नाना खूश झाले. झालोही होतो.

मग ती म्हणाली, "आणि नाना, हे बघा, पत्र्याचा डाव." पडद्यावर न्हाणीघराचा पत्रा. बिबड्या. ऊन. म्हातारी धोतर घेऊन शिडी चढते, आणि त्या धोतरात एक छोटा टॅब गुंडाळलेला. खेळणाऱ्यानं तो वेळेत पाहून काढून घ्यायचा. नाही काढला तर तो फट्कन फुगतो आणि म्हातारी डोक्याला हात लावते. पोरीनं मायेनं केलं होतं. आजीची एक गमतीची आठवण म्हणून.

"आजीचा आवाज तर गेला," ती म्हणाली. "तुमचा तरी पाहिजे. टॅब फुगला की नाना ओरडतात — भुली गई का व, परत? असं बोला."

तिनं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. लाल ठिपका लागला.

तुम्हाला वाटत असेल, इथं तरी मी बोललो असेन. मलाही वाटलं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पोरगी माझ्याकडं बघत होती — ते तिचे शोधणारे डोळे. चूक सापडली की खूश होणारे.

मी म्हणालो, "भुली गई का व, परत?"

"हळू आलं, नाना. जरा रागवून. तुम्ही आजीवर ओरडायचे ना, तसं."

मी ओरडलो. एकदम खरं ओरडलो. पोरगी टाळ्या पिटत हसली, म्हणाली, भारी! मग तिनं तो गल्लीतल्या पोरांना दिला. ओट्यावर गर्दी झाली. ज्या ओट्यावर मी पत्ते खेळत होतो त्याच. पोरं मुद्दाम टॅब काढत नव्हती — फुगला की गंमत येते ना. दर वेळी माझा आवाज. पुन्हा फुगवायचा, पुन्हा माझा आवाज. आता ती बारकी पोरं रस्त्यानं जाता-येता एकमेकांना ओरडतात, भुली गई का व, परत! वैशूच्या कॉलेजातही तो खेळ दाखवायला ठेवला होता म्हणे. सगळ्यांना नानांचा आवाज आवडला.

तिचा आवाज होता तो मी पत्र्यावर शिजवला. माझा राहिला. आणि माझ्या आवाजात काय राहिलं, तर ते खोटं.

वैशू हे वाचेल. तिला दाखवल्याशिवाय हा कागद कुठं जायचा नाही, आमच्यात आवडीनं वाचणारी तीच आहे. वाचून ती काय करेल ते मी ठरवत नाही. खेळ तिचा आहे. शेवटची पायरी तेवढी तिच्याकडं नव्हती, ती लिहून ठेवतो.

त्या आखाजीला दुपारी तुझी आजी खापरासमोर बसली होती. धोतर घेऊन शिडी मी चढलो. टॅब मी ठेवला. इंदू काही विसरली नव्हती.